समुद्राचा तळ ढवळला, तर बिघडतं काय?

नागपूरला मँगनीज नवं नाही. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय इथेच आहे, भारतीय खाण ब्यूरोही इथेच. मनसर-कांद्रीपासून सावनेरकडच्या गुमगावपर्यंत अनेक घरांत आजोबा खाणीत होते, वडील खाणीत आहेत आणि मुलं कॉलेजात शिकताहेत. त्यामुळे हिंदी महासागराच्या तळावर बटाट्याएवढे मँगनीजचे गोळे पसरलेले आहेत आणि भारत ते वर काढण्याची तयारी करतोय, ही बातमी आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात निघाली तेव्हा मुलांचे कान टवकारले गेले.

मनसरकडची एक मुलगी उठली. तिचे वडील खाणीत काम करतात. तिनं विचारलं, "मॅडम, वादळात समुद्र ढवळतोच ना? लाटा तर रोजच तळ हलवतात. मग यंत्रानं ढवळला तर काय बिघडलं?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि अवघडही. तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत त्याचं उत्तर नीट देता आलं नाही. म्हणून हा लेख.

तळाच्या गाळात राहतं कोण?

आपल्यापासून समुद्र लांब. समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा. पण गाळात काय असतं ते बघायला मुंबईपर्यंत जावं लागत नाही. दरवर्षी मी मुलांकडून फुटाळा तलावाच्या काठचा चमचाभर चिखल आणवते. तो पाण्यात सैल करायचा, बारीक जाळीतून गाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आधी सगळा कचराच दिसतो. मग त्यातला एक धागा वळवळतो. तो सूत्रकृमी. थोड्या वेळानं खसखशीएवढा एक दाणा चालू लागतो. दोन इवल्या शिंपांच्या आत बसलेला हा झिंग्याचा दूरचा भाऊबंद, ऑस्ट्राकॉड. वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरते, ती मला वर्षभर पुरते.

समुद्राच्या गाळात ही वस्ती कितीतरी दाट आणि विविध असते. एक मिलिमीटरच्या जाळीतून खाली पडणारे, पण तिच्याहून वीस-पंचवीस पट बारीक जाळीवर अडकणारे हे प्राणी. शास्त्रज्ञ त्यांना मिओफौना म्हणतात. हा शब्द मॉली मेअर या संशोधिकेनं १९४२ मध्ये वापरात आणला. आपण त्यांना गाळजीव म्हणू. एक चौरस मीटर समुद्रतळावर साधारण दहा लाख गाळजीव सापडतात, म्हणजे एवढ्याशा जागेत अख्ख्या शहराची लोकसंख्या. त्यात सर्वांत जास्त भरणा सूत्रकृमींचा. त्यांच्या खालोखाल बहुतेक ठिकाणी कोपेपॉड, म्हणजे टोकदार शेपटीचे इवले कवचधारी जीव. प्राण्यांचे काही गट तर वाळूच्या कणांमध्येच आयुष्य काढतात. त्यांतल्या लॉरिसिफेरा या गटाचा शोध १९८३ मध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर चौदा वर्षांनी जाहीर झाला.

त्यांच्या राहणीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

पहिली गोष्ट श्वासाची. उथळ समुद्रात बहुधा गाळाचा फक्त वरचा पातळ थर प्राणवायूचा असतो. किनाऱ्याजवळच्या मऊ चिखलात तो काही मिलिमीटरचाच असू शकतो, रंगानं पिवळट-तपकिरी. त्याखाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल. नागनदीच्या काठावर काठी खुपसून बाहेर काढली की हा काळा थर दिसतो. बहुतेक गाळजीव वरच्या थरात दाटीवाटीनं राहतात.

दुसरी गोष्ट पिल्लांची. शिंपले, खेकडे यांची पिल्लं आधी पाण्यात तरंगतात आणि मैलोन् मैल वाहत जातात. बहुतेक गाळजीवांना ही सोय नाही. त्यांची अंडी आणि पिल्लं गाळातच राहतात. पिढी मात्र झटपट वाढते. उबदार, उथळ पाण्यात अनेक जातींची एक पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते.

ढवळतं कोण?

परिसरशास्त्रात याला विक्षोभ म्हणतात. जिवंत वस्ती मोडून जागा किंवा अन्न मोकळं करणारी कुठलीही घटना म्हणजे विक्षोभ. मी साधं ढवळणं म्हणेन, पण त्यात न हलवता गुदमरवणंही येतं हे ध्यानात ठेवा.

ढवळणाऱ्यांची यादी लांब आहे. कोकणात ज्याला पाकट म्हणतात तो चपटा मासा पंख फडफडवून आणि तोंडानं पाण्याची पिचकारी मारून वाळूत हातभर रुंद खड्डा करतो आणि आतले किडे-शिंपले खातो. बेरिंग समुद्रात करडा देवमासा तळाचा चिखल तोंडानं ओढून घेतो, त्याचे खड्डे काही मीटर लांब असतात. अंटार्क्टिकाजवळ हिमनग तळाला घासत जातात आणि नांगराच्या तासासारखे चर पाडतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे काम नैर्ऋत्य मोसमी वारा करतो. लाटा वाळू उपसून नेतात, नद्यांचं गोडं पाणी येतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्याच्या वाळूतली वस्ती घटते. पाऊस सरला की ती परत भरते. याच पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस खोलातलं कमी प्राणवायूचं पाणी उथळ भागावर चढतं. काही हलत नाही, तरी कोपेपॉडसारखे नाजूक जीव मरतात, कारण त्यांना श्वास कोंडणं सोसत नाही. सूत्रकृमी त्यांच्या मानानं बरेच काटक.

खड्डा पडला त्या दिवशी नेमकं काय होतं?

हे बघायला फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास पाकटांचेच खड्डे निवडले. खड्डा ताजा असतानाच त्यांनी आतली आणि शेजारची वाळू मोजून घेतली. खड्ड्यात कोपेपॉड एकदम कमी झाले होते. पुढे काही तासांच्या अंतरानं नमुने घेत गेले, तर सुमारे एका दिवसात ती वस्ती आजूबाजूइतकी भरून आली.

एका दिवसात पिल्लं जन्मून मोठी होत नाहीत, म्हणजे भरणा बाहेरून आला. उथळ समुद्रात पाणी सतत हलतं, वाळूच्या वरच्या कणांबरोबर गाळजीवही उचलले जातात आणि खड्डा ही सखल, संथ जागा असल्यानं तिथे येऊन पडतात. कोपेपॉड तर स्वतःही पोहतात. सूत्रकृमी पोहण्यात कच्चे, ते काही काठावरून सरपटत येतात, काही वाहून येतात.

खड्डा वाचला तो शेजारामुळे. चहूबाजूंनी भरलेली वस्ती होती, अंतर हातभर होतं, आणि पाणी माणसं आणून सोडणाऱ्या ऑटोसारखं फेऱ्या मारत होतं.

मोठ्या जागी क्रम वेगळा. बेसा किंवा मनीषनगरकडे लेआउट पडतो तेव्हा जेसीबी सगळी जमीन साफ करतो. पहिल्या पावसात तिथे काय उगवतं? गाजरगवत. मग रुई, एरंड. बाभूळ-कडुनिंबाची रोपं फार उशिरा, तीही आजूबाजूला मोठं झाड उरलं असेल तर. समुद्रतळावरही असं गाजरगवत असतं. कॅपिटेला नावाचा लहान लाल किडा ढवळलेल्या, घाण साचलेल्या चिखलात सर्वांत आधी येतो आणि बेसुमार वाढतो, कारण तिथे स्पर्धकच नसतात. देवमाशाच्या खड्ड्यात मेलेलं खाणारे झिंग्यासारखे ॲम्फिपॉड काही वेळातच गर्दी करतात. हळू वाढणारे, एका जागी नळी बांधून राहणारे जीव शेवटी येतात. ढवळण्याच्या दोन फेऱ्यांमधली उसंत कमी पडली तर ते येऊच शकत नाहीत. मग डोक्यांची संख्या पूर्ववत दिसते, पण वस्तीत ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. 'जीव परत आले' असं कुठे वाचलं की आधी विचारावं : कोणते?

थोडं ढवळणं चांगलं असतं, असंही म्हणतात ना?

म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. कापसात किंवा सोयाबीनमध्ये डवरणी का करतात हे विदर्भात कुणाला सांगायला नको. तण मोडतं, माती भुसभुशीत होते, हवा खेळते. गाळातही खेकडे, किडे, मासे सतत चिखल खालीवर करतात म्हणून प्राणवायू आत उतरतो. हे थांबलं तर काळा थर वर सरकतो.

याच धाग्यावर जोसेफ कॉनेल या परिसरशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक विचार मांडला. ढवळणं अजिबात नसेल तर एक-दोन दांडग्या जाती सगळी जागा बळकावतात. फार असेल तर फक्त घाईनं येणारे टिकतात. मधल्या प्रमाणात असेल तेव्हा सर्वांत जास्त जाती एकत्र नांदतात. दुसऱ्याच वर्षी वेन सूसा यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे धोंडे मोजून असंच काहीसं दाखवलं. लहान धोंडे लाटांनी सारखे उलटायचे, त्यांवर पहिलं येणारं शेवाळ तेवढं उरायचं. मोठे क्वचित हलायचे, त्यांवर एकाच जातीचं राज्य. मधल्या धोंड्यांवर विविधता जास्त.

कल्पना इतकी सुबक आहे की ती पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. मीसुद्धा अनेक वर्षं ती नियम म्हणून शिकवली. आता तशी शिकवत नाही. पुढच्या कितीतरी पाहण्यांत हा 'मधला उंचवटा' दिसलाच नाही, आणि २०१३ मध्ये जेरेमी फॉक्स यांनी तर ही कल्पना सोडूनच द्यावी, असं सविस्तर लिहिलं.

मला जास्त पटतं ते मायकेल ह्यूस्टन यांचं १९७९ चं म्हणणं. ते विचारतात, तिथे वाढ किती वेगानं होते? अन्न भरपूर असेल तर दांडग्या जाती भराभर वाढतात, दुबळ्यांना रेटतात, आणि अधूनमधून कुणी ढवळलं तर दुबळ्यांना श्वास मिळतो. पण अन्न तुटपुंजं असेल तर कुणीच वेगानं वाढत नाही, कुणी कुणाला रेटत नाही. अशा ठिकाणी ढवळणं म्हणजे निव्वळ नुकसान, कारण भरून यायला लागणारी ताकदच वस्तीत नसते. काळ्या कसदार जमिनीत डवरणीनं पीक हसतं. मुरमाड बरडावर तोच डवरा दोनदा फिरवून बघा.

आपल्या पायाखालचा पुरावा

इथे थोडं थांबून सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहू. ही टेकडी लाव्हाच्या खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हाचे लोट एकामागून एक येत होते. पण दोन लोटांच्या मधल्या काळात इथे तळी साचायची. त्या तळ्यांच्या गाळाचे पातळ थर आजही लाव्हाच्या दोन थरांमध्ये दाबलेले सापडतात, सीताबर्डीला आणि टाकळीच्या बाजूला. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं त्यांतले जीवाश्म गोळा केले. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आहेत आणि ऑस्ट्राकॉडही. तेच, जे माझी मुलं फुटाळ्याच्या चिखलात पाहतात, त्यांच्याच गोतातले.

लाव्हाखाली गेलेल्या तळ्यात अर्थातच कुणी वाचलं नाही. पुढच्या तळ्यात जीव आले ते दुसऱ्या, न झाकलेल्या पाण्यातून. ऑस्ट्राकॉडच्या अनेक जातींची अंडी सुकूनही टिकतात, वाऱ्यानं आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून प्रवास करतात. म्हणजे एवढ्या भयानक घटनेनंतरही वस्ती उभी राहिली, कारण कुठेतरी शेजार शिल्लक होता, तिथून येण्याची वाट होती आणि हाताशी हजारो वर्षांची उसंत होती.

मग खोल समुद्रात हेच का होत नाही?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मँगनीजचे गोळे आहेत ते मध्य हिंदी महासागरात पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर. तिथे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा हक्क भारताकडे आहे, त्याचा करार २००२ मध्ये झाला. २०२१ मध्ये केंद्रानं ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी 'मत्स्य ६०००' पाणबुडी त्याच मोहिमेतली.

तिथे उजेड नाही, पाणी गोठणबिंदूच्या जरा वर, आणि अन्न म्हणजे वरच्या समुद्रात मेलेल्या सूक्ष्म जीवांचा जो चुरा उरून-पुरून खाली पोहोचतो तेवढंच. गाळाची भर हजार वर्षांत काही मिलिमीटर. ह्यूस्टन ज्या बरड जमिनीबद्दल बोलतात, ती हीच.

खोलात वादळं नसतात असं नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यापुढे सुमारे ४,८०० मीटर खोलीवर तळाचे प्रवाह अधूनमधून इतके जोर धरतात की गाळ उचलला जातो. त्याला तळवादळ म्हणतात. तिथले जीव त्या तालावर जगायला सरावलेले आहेत. पण ते वादळ गाळाची वरची साय उचलतं आणि तोच गाळ पुढे पसरवतं. गोळे काढणारं यंत्र मात्र गोळ्यांसकट वरचे काही सेंटीमीटर खरवडतं, म्हणजे जिथे जवळपास सगळी वस्ती असते तोच थर. आणि गोळ्यांचे पट्टे बहुतेक शांत भागांत आहेत. तिथल्या जीवांना या तालाची सवयच नाही.

पूर्व प्रशांत महासागरात १९७८ मध्ये अशा खाणकामाची एक चाचणी झाली होती. २६ वर्षांनी संशोधक त्याच खुणेवर परत गेले. यंत्राचा माग स्पष्ट दिसत होता, आणि त्या मागातले सूत्रकृमी शेजारच्या न ढवळलेल्या तळापेक्षा संख्येनंही कमी होते आणि जातींनीही. फ्लोरिडात एक दिवस, इथे २६ वर्षं आणि तरी अपुरं. पेरूसमोर १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवून तळ ढवळला. २०१५ मध्ये नांगराचे ते चरही तसेच होते. गोळ्यांना चिकटून राहणाऱ्या जीवांचं तर घरच गेलं, कारण एक गोळा दहा लाख वर्षांत फक्त काही मिलिमीटर वाढतो.

भारतानंही असा प्रयोग केला आहे. १९९७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मध्य हिंदी महासागरात ३ किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्टा ढवळला आणि नंतर पुन्हा पुन्हा जाऊन नमुने घेतले. खाण सुरू करण्याआधी असं शिकून घेणं हे मला आपल्या विज्ञानाचं भूषण वाटतं.

पण समुद्र एवढा मोठा, शेजार तर भरपूर आहे

ही शंका वर्गातही आली. इथे आकड्यांचं प्रमाण बघा. प्रयोगाचा पट्टा २०० मीटर रुंद होता. प्रत्यक्ष खाणकाम सुरू झालं तर एका उद्योगाला वर्षाला शेकडो चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल, असा अंदाज धरला जातो. नागपूर महापालिकेची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दरवर्षी एक नागपूर, आणि तेही शेजारी-शेजारी. पट्ट्याच्या मधोमध असलेल्या जागेचा जवळचा शेजार मग हातभरावर नसतो. जीव वाहून आणणारं पाणीही तिथे संथ. शिवाय उडालेला गाळ न खरवडलेल्या शेजारावर जाऊन बसतो. खोल तळाला हजार वर्षांत मिळतो तेवढा गाळ एका दिवसात अंगावर आला तर तोही शेजारी गुदमरतो.

इतक्या लहान जिवांसाठी खनिज सोडायचं का?

गोळ्यांत मँगनीजबरोबर निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. बॅटऱ्यांसाठी ते हवं आहे, आणि जमिनीवरची खाणही जंगल आणि गाव हलवूनच चालते. हे नागपूर जिल्ह्यात राहून मी नाकारणार नाही. त्या मुलीची फी त्याच खाणीतून येते.

पण गाळजीव बिनकामाचे नाहीत. ते जिवाणू खातात, गाळात हवा खेळवतात, मेलेल्या चुऱ्यातलं सत्त्व पुन्हा चक्रात आणतात. किनाऱ्याजवळ तर माशांची आणि कोळंबीची कितीतरी पिल्लं पहिलं अन्न म्हणून कोपेपॉडच खातात. म्हणून मला निर्णयाआधी तीन गोष्टी कागदावर बघायच्या आहेत : आधी तिथे कोणकोणत्या जाती होत्या याची मोजणी, एका वेळी किती सलग पट्टा खरवडणार त्याची मर्यादा, आणि मध्ये सोडलेल्या अस्पर्श पट्ट्यांवर उडालेला गाळ बसणार नाही याची खात्री.

पुढच्या तासाला मी फळ्यावर चौकोन काढला आणि मुलांना सांगितलं, हा ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ, यात कुठे खणायचं आणि कुठे नाही ते आखा. बहुतेकांनी अर्धा चौकोन रंगवला, अर्धा सोडला. मनसरची ती मुलगी बराच वेळ खडू धरून उभी राहिली. मग तिनं शेतात काकऱ्या पाडाव्यात तसे अरुंद पट्टे आखले. एक रंगवलेला, त्याच्या शेजारी तिप्पट रुंद कोरा. आणि कोऱ्या पट्ट्यांत प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण काढायला लागली.